पियानोला वाळ्याचा वास

पहिला संशय गेला ट्यूनरवर. मुंबईहून नागपूरला येऊन माझा पियानो सुरात लावून देणारा हा माणूस मुद्दाम थोडी कसर ठेवून जातो, म्हणजे त्याला पुन्हा बोलवावं लागेल, असं माझं ठाम मत झालं होतं. एप्रिलमध्ये लावून गेला आणि आठवडा होत नाही तोच पियानो बेसूर! वरच्या सप्तकातला एक स्वर तर असा कण्हायचा की दात आंबावेत.

मग नंबर लागला आमच्या बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये पोछा मारायला येणाऱ्या बाईचा. दुपारी मी बर्डीला क्लास घ्यायला जाते, घरात आई झोपलेली असते, तेवढ्यात ही झाकण उघडून बडवते, दुसरं काय! एक दिवस जाताना मी झाकणाच्या फटीवर माझा एक केस चिकटवून ठेवला. युरोपातल्या सभागृहांत वाजवून आलेली बाई, आणि स्वतःच्या घरात जासुसी करत होती. परत आले तर केस जागच्या जागी. मग मला त्या केसाचाच संशय यायला लागला.

खरं सांगते, मला कोणीतरी चोर हवाच होता. कारण हे सगळे सुटले असते तर एकच उरत होता, माझा डावा कान. हिवाळ्यात मोठी सर्दी झाली, तेव्हापासून तो दडे बसल्यासारखा वागत होता. बोट घालून एकेका कानाने तो स्वर ऐकला असता तर लगेच कळलं असतं. नाही ऐकला. भीती वाटत होती, बस. पुढच्या महिन्यात मुंबईत ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचं होतं, किती वर्षांनी बोलावणं आलं होतं. पियानोवाल्या बाईचा कान गेला ही बातमी एकदा पसरली की कोण विचारतंय? नातेवाइकांना तर अजूनही वाटतं, मी लग्नात सिनेमाची गाणी वाजवते.

शेवटी नाक मुठीत धरून ट्यूनरलाच बोलावलं. त्याने वरची फळी उघडली, आत डोकं घातलं आणि तसाच थांबला.

"ताई, पियानोला वाळ्याचा वास येतोय."

मला वाटलं, थट्टा करतोय. त्याने माझा हात धरून आत लावला. लाकूड गार, दमट, फुगलेलं. तारांवर गंजाचे ठिपके.

आई सोफ्यावर लसूण सोलत होती. "येईनच ना," ती म्हणाली. "तू बर्डीले गेली की मी कूलर त्याच्याकडं फिरवून ठेवते. एवढ्या उन्हात माणसाले उकडून राहिलं, त्या लाकडाचं काय होत असन?"

"अगं आई! मला काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलं का वं? तू तर झाकणाले केस चिकटवून राहिली होती."

ट्यूनर हसला. मी आधी चिडले, मग मीही हसत सुटले. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! कूलरच्या वाळ्याचं पाणी! कान शाबूत आहे माझा! मी आईच्या गालाचा मुका घेतला. ती मात्र हसली नाही. कूलर स्वतःच ढकलत आतल्या खोलीत घेऊन गेली, आणि त्या दिवशी नीट जेवलीही नाही.

पियानो सुकायला ठेवला. सदरमधल्या शाळांचे पियानो आटोपून ट्यूनर काही दिवसांनी परत आला, दिवसभर बसला आणि म्हणाला, "घ्या, बघा."

मी खालून वर वाजवत गेले. काय गोड वाजत होता! मग तो स्वर आला. कण्हला.

"हा अजून उतरलेला आहे."

त्याने तो वाजवला. परत वाजवला. मोबाइलवरचं सूर मोजायचं यंत्र माझ्यासमोर धरलं. काटा बरोबर मध्ये. मी त्या काट्याकडेही संशयानेच पाहिलं.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "हा बरोबर आहे."

मग मी डाव्या कानात बोट घातलं आणि पट्टी दाबली. स्वर स्वच्छ. बोट काढलं आणि पुन्हा दाबली. एका पट्टीतून दोन स्वर आले, एकमेकांशी भांडणारे.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, पदराला हात पुसत.

"आता ठीक वाजून राहिला ना वं? नाहीतर माह्यापायी तुहा कार्यक्रम जाईन."

"तुझ्यामुळे नाही जाणार, आई," मी म्हणाले.