ही म्हणजे तो

बजाबाई इंग्रजी शिकायला बसल्या त्या नातीपायी. मुलगा पृथ्वीराज कॅनडात, आणि त्याच्या पाच वर्षांच्या ऋतुजाला मराठीचा गंध नव्हता. मालक मानसिंग वारल्यावर बजाबाईंनी मोहोळचं घर बंद केलं होतं. मुलानं जुळे सोलापुरात घेतलेल्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहत. खालच्या मजल्यावरच्या देवयानी टीचर शाळेत इंग्रजी शिकवायच्या. संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन बसायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी 'मी'नंच घोळ घातला.

"इंग्रजीतला मी म्हणजे आपलं मला, काकू," देवयानी म्हणाल्या. "करणारे आपण असलो तर आय. दुसऱ्यानं आपल्याला काही केलं तर मी. आय सी ऋतुजा. ऋतुजा सीज मी."

"म्हंजी मी बगते तवा मी न्हाय. मला बगत्यात तवा मी."

दोघी हसल्या. मग देवयानींनी पुढचं सांगितलं. "पुरुष करणारा असेल तर ही. त्याला काही केलं तर हिम."

"ही म्हंजी तो?"

"हो."

बजाबाईंचं हसू विरलं. गॅसवर दूध आहे असं सांगून त्या वर निघून आल्या. दूध नव्हतंच.

मानसिंगांनी उभ्या जन्मात बायकोचं नाव घेतलं नव्हतं. ही कुटं गेली, ही जेवली का, हिला विचारा. त्या म्हणजे 'ही'. दवाखान्यातल्या शेवटच्या सकाळी बजाबाई खाली चहा आणायला उतरल्या होत्या. परत येईतो सगळं आटोपलं होतं. नर्सनं सांगितलं, "बाबा सारखे विचारत होते, ही कुटं हाय, ही कुटं हाय." तेव्हापासून तो आवाज कानात बसलेला. आणि आता इंग्रजीतही दर दोन वाक्यांआड 'ही'. लिफ्टमधली पोरं इंग्रजीत बोलली तरी बजाबाई दचकायच्या.

तरी रविवारी सकाळी नेहमीसारखा व्हिडिओ कॉल लागला. बजाबाईंनी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. ऋतुजा रंगवलेलं मांजर दाखवत होती. दाखवता दाखवता थांबली आणि आजीच्या खांद्यावरून मागं पॅसेजकडं बघायला लागली.

"आजी, ही सीज यू."

कॉल संपल्यावर बजाबाई तशाच खाली गेल्या. "बाई, ही सीज यू म्हंजी कोण कुणाला बगतंय?"

"ही आधी आलं ना, म्हणजे तो बघतोय."

"आन् यू?"

"यू बदलत नाही. तू पण यूच आणि तुला पण यूच. इथं तुम्हाला. तो तुम्हाला बघतोय." देवयानींनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. "कोण म्हणालं?"

"नात."

"लहान आहे, काकू. भिंतीवरचा एखादा फोटो दिसला असेल."

बजाबाईंनी मान हलवली. मानसिंगांचा फोटो मोहोळलाच होता. तो आणून टांगायचा धीर त्यांना अजून झाला नव्हता.

तो आठवडाभर बजाबाई पॅसेजकडं पाठ करून बसल्या नाहीत. ज्वारी निवडायलासुद्धा भिंतीला टेकून बसायच्या. पण भीतीपेक्षा एक वाक्य जास्त छळत होतं. ते त्यांनी देवयानींकडून इंग्रजीत घोटून घेतलं.

पुढच्या रविवारी पृथ्वीराज पाणी आणायला उठला, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "ऋतुजा, व्हेअर इज ही?"

पोरीनं त्यांच्या मागं बोट दाखवलं. "ही कॉल्स यू."

आपल्याला बोलावतायत, एवढं बजाबाईंना आता कळत होतं. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. "टेल हिम," त्या म्हणाल्या. त्यापुढचं इंग्रजी त्यांच्याजवळ नव्हतं. "त्यास्नी सांग, मी चहाला गेलते गं. लगीच माघारी आलते."

ऋतुजानं मान डोलावली. आजीच्या मागं बघत, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाली, "शी केम बॅक."

बजाबाई ते शब्द पुटपुटत जिना उतरल्या. पोरीला मराठीत काय सांगितलं तेही सांगितलं, तेव्हा देवयानींनी अर्थ सांगितला. "ती परत आली." मग म्हणाल्या, "पण तिला मराठी येत नाही ना?"

"न्हाय येत."

देवयानी उठल्या. त्यांनी चहा केला, तो बजाबाईंनी घेतला नाही.

त्यानंतरच्या रविवारी ऋतुजाला पडलेला दात दाखवायचा होता. तिनं तो बोटांत धरून फोनच्या अगदी जवळ आणला. बजाबाईंनी बघितला, चांगला हाय म्हणाल्या, आणि तिचं बोलणं संपायची वाट पाहिली.

"व्हेअर इज ही?"

"हू?" ऋतुजा म्हणाली. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि खांदे उडवले.

पृथ्वीराजनं फोन हातात घेतला. "आई, कुणाला शोधतीयास?"

"कुणाला न्हाय बाबा. तिचा दात जपून ठीव."

फोन ठेवल्यावर बजाबाईंनी पहिल्यांदा मागं वळून बघितलं. पॅसेजमध्ये ऊन आलं होतं. दोरीवरचे टॉवेल कधीच वाळले होते. त्या काढायला उठल्या नाहीत.