कूलरवाल्या चाचाची वेबसाइट अन् मामूचं थोबाड

अकोल्यात कूलर दुरुस्त करनारे ढीगभर हायेत, पन गुलाम नबी चाचासारखा मानूस एकच. बिघडलेल्या मोटरले कान लावून तो तिले "क्या हुआ बेटा?" म्हनून इचारते. मोटर काई बोलत नाई, तरी चाचा समजल्यासारखी मान डोलावते. माह्या कॉम्प्युटरच्या दुकानाले लागूनच त्याचं दुकान, म्हनून हे सोंग मी रोज पायते.

एका साली कापसाले भाव नव्हता. नवा कूलर घ्याची कोनाची ऐपत नव्हती, जुनाच ठोकठाक करून लोकं उन्हाळा काढत. म्हंजे चाचाची तं चांदीच व्हाले पाह्यजे होती. पन फोन वाजेच ना!

"आरती बेटा," चाचा म्हने, "हा उन्हाळा असाच गेला तं शटर पाडतो अन् भावाकडे सुरतले जातो."

मी म्हनलं, "चाचा, तुमची वेबसाइट हाय ना?"

"हाय ना! एकदम फस्कलास."

मोबाइलवर उघडली. बाप्पा! आधी सनईच वाजाले लागली. मंग पडदाभर हसनैन मामूचं थोबाड. हा चाचाचा सख्खा मामा. खाली सरकवलं तं मामूचे भाऊ, मंग साडू, मंग मोहल्ल्याचे अध्यक्ष, मंग पानवाला. चौकातल्या फ्लेक्सवर 'शुभेच्छुक' म्हनून जेवढी तोंडं राहतात, तेवढी सारी इथं उभी. फोन नंबर पार तळाशी, तोही मुंगीएवढा.

माहं डोकस्कच फिरलं. "चाचा, ज्याचा कूलर बंद पडला तो घामानं भिजून रायला, अन् तुमी त्याले मामू दाखवता? पेज उघडाले एवढा वेळ लागते, सर्चमध्ये तुमाले वर कोन येऊ देईन? काढा ही तोंडं!"

"अवं, मामूले काढलं तं मामू माह्या मयतीले बी येनार नाई!"

"दुकान पाह्यजे का मामू?"

चाचानं बराच वेळ मोटरकडे पाह्यलं. मोटर काई बोलली नाई. "काढ," म्हनला.

सनई गेली, तोंडं गेली. उघडल्याबरोबर 'कूलर दुरुस्ती, अकोला' अन् खाली अंगठा मावेल एवढं फोनचं बटन. थोड्याच दिवसांत चाचा सर्चमध्ये वर चढला, फोन खनखनाले लागला. अन् मामू रुसला! "ज्या दुकानाची फीत मी कापली, तिथून मलेच कापलं!" म्हनून साऱ्या मोहल्ल्यात बोंबलत फिरला. चाचाचा नंबरही त्यानं फोनातून उडवला. धंदा चालला, पन चाचाले जेवन गोड लागेना.

मे महिन्यातल्या एका दुपारी आमी चहा पेत होतो. चाचाचा फोन वाजला. पडद्यावर मामूचं नाव! चाचानं घाबरून स्पीकरच लावला.

"कूलरवाले का? मोटर जळली, लवकर या. या धंद्यात आमचा एक भाचा हाय, पन त्या नालायकाले मी उंबऱ्यात उभा करनार नाई. म्हनून गूगलवर जो पैला दिसला, त्याले लावला."

चाचा म्हनला, "मामू, मीच बोलून रायलो."

तिकडून मामूच्या खाकरल्याचा आवाज आला.

"मंग बसला काहून? मोटर घेऊन ये! अन् आइक, माहा फोटो परत लावू नोको. माहं थोबाड उघडेपर्यंत मी उकडून मेलो असतो ना!"

चाचाचे डोळे भरून आले. चहा तसाच ठेवून तो पिशवी घेऊन पयाला.