बाळकृष्णरावांचं स्वतःचं मत

तंजावूरच्या जुन्या बस स्टँडवर टाइमकीपरच्या खोलीत बाळकृष्णरावांनी अख्खी नोकरी काढली. तिरुवैयारूची गाडी कधी लागली, कुंभकोणमची कधी सुटली ते लिहायचं, शिटी वाजवायची आणि उरलेल्या वेळात माणसं ऐकायची, असा त्यांचा दिवस. ऐकण्याची ही खोड निवृत्तीनंतर सुटेल अशी चंद्रमतीबाईंना आशा होती. ती सुटली नाही. सकाळची कॉफी पोटात गेली की राव चपला सरकवत आणि स्टँडकडे निघत.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी विचारायचं, "तुमचं मत काय?" मत हाती आलं की दुसरा प्रश्न, "असं का वाटतं तुम्हाला?" पहिल्याचं उत्तर लोक पेपरातून, टीव्हीवरून नाहीतर मेहुण्याकडून ऐकलेलं देत. दुसऱ्याचं मात्र थेट घरातून येई. जगात इतकी मतं कुठून येतात, हे रावांना मोठं कुतूहल होतं. स्वतःचं मत मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. निवडणूक असो, कावेरीच्या पाण्याचा तंटा असो, की मुलीचं नाव ठेवायचं असो, राव चौघांना विचारत आणि गप्प बसत. 'वाणी' हे नावही शेवटी चंद्रमतीबाईंनीच ठेवलं.

"लोकांची मतं गोळा करून काय लोणचं घालणार आहात?" त्या विचारत.

"लोणचं तू घाल. मी नुसती लिंबं आणतो," राव म्हणत.

त्या वर्षी आखातात युद्ध पेटलं आणि रावांच्या लिंबांना बहर आला. चहावाला म्हणाला, "काही होणार नाही, रावजी. दोघंही तेल विकतात. ज्याचं दुकान आहे तो दुकान जाळत नाही." असं का वाटतं, तर समोरच्या चहावाल्याशी त्याचं वीस वर्षांचं भांडण होतं आणि दोघांपैकी कुणीही अजून दुसऱ्याची काच फोडली नव्हती. न्हावी म्हणाला, "सरकारला सगळं ठाऊक आहे. माझ्या खुर्चीत परवा एक मोठा अधिकारी बसला होता. विचारलं तर म्हणाला, मला काही माहीत नाही. म्हणजे बघा, प्रकरण केवढं मोठं असेल!" डेल्ट्यातल्या एका गावाहून भाताची रोपं सांभाळून आलेला शेतकरी तर चिडूनच बसला होता. "एका नदीचं पाणी दोन राज्यांना वाटून घेता येत नाही, कोर्टात माझ्या बापाचा जन्म गेला. आणि तुम्ही परमुलखातल्यांचं विचारता? त्यांचं युद्ध माझ्या शेतात आलंय. तिकडून येणारा युरिया सोसायटीत नाही." टाउन बसमधून उतरणारी एक म्हातारी मात्र सरकारवर खूश होती. बायकांना बस फुकट झाली, म्हणून ती आता रोज लेकीकडे जाऊन भांडून येऊ शकत होती. युद्धाचं विचारलं तर ती म्हणाली, "तेही बायकांना फुकट ठेवा म्हणावं, बंद पडेल."

राव हे सगळं घरी येऊन रंगवून सांगत. एका सोमवारी असंच सांगत असताना वाणीने हातातलं ताट खाली ठेवलं.

वाणी त्यांची एकुलती एक. शहरातल्या एका खाजगी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. आखातातल्या एका मोठ्या इस्पितळाने तिला नोकरी देऊ केली होती आणि शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलं होतं.

"अप्पा, तुम्ही महिनाभर सगळ्या गावाला विचारताय," ती म्हणाली. "न्हाव्याचं मत मला पाठ झालं. तुमचं काय?"

"मी काय सांगणार, बाळ? चंद्रा, तुला काय वाटतं?"

"बघा! पुन्हा तेच!" वाणी म्हणाली. "अम्मा नको म्हणते, ते मला ठाऊक आहे, ती सकाळ-संध्याकाळ म्हणते. तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही, शब्द देते. जा म्हणालात तर जाईन. पण शुक्रवारच्या आत तुमच्या तोंडून ऐकायचंय मला."

राव उठले आणि हात धुवायला गेले, ते बराच वेळ धुतच राहिले.

तोडगा चंद्रमतीबाईंनी काढला. त्या भागात अडलेल्या गोष्टीला फूल लावून बघायची रीत आहे. एका पानात लाल फूल, एका पानात पांढरं, दोन्ही पुड्या सारख्या बांधायच्या, देवीपुढे टाकायच्या आणि लहान मुलाकडून एक उचलवायची. उचललेली उघडायची, तोच देवीचा शब्द. दुसरी न उघडता झाडाखाली ठेवून द्यायची. लग्नं, घरांच्या खरेद्या, ऑपरेशनं, असं बरंच काही तिकडे या दोन पुड्यांवर ठरतं. रावांना हे मनापासून पटलं. ज्याला विचारायचं राहिलं होतं असा हा मोठाच माणूस होता.

मंगळवारी सकाळी शेजारच्या पाच वर्षांच्या हरिणीला घेऊन दोघं गल्लीच्या टोकाच्या मारियम्मनच्या देवळात निघाले. देवळाबाहेर सरोजा फुलांची टोपली घेऊन बसे. रावांचं घर आणि तिची टोपली यांचा शेजार पंचवीस वर्षांचा. चंद्रमतीबाईंनी तिच्याकडे लाल कण्हेर आणि पांढरी तगर मागितली आणि पुड्या तिलाच बांधायला सांगितल्या. तिच्या हाताला केळीच्या सोपटाच्या दोऱ्याची बारीक गाठ छान बसे. हे सगळं तमिळमध्ये झालं. मग नवऱ्याकडे वळून त्या मराठीत बोलू लागल्या. तंजावूरच्या मराठी घरांची ही जुनी सवय. घरात मराठी असतेच, पण भाजीवाला महाग देतोय हे भाजीवाल्यासमोर सांगायचं असलं तरी मराठीच. कुणाला कळतंय?

"लाल आलं तर जायचं, पांढरं आलं तर नाही, असं धरू," त्या म्हणाल्या. "मला तर पांढरंच यावं असं वाटतं, बाई. लाल आलं तर मी काय करू?"

"उलटं धरायचं का? लाल म्हणजे थांबा. सिग्नलला असतं तसं."

"देवीला काय सिग्नल दाखवताय? लाल तिचा रंग. लाल म्हणजे हो."

हा वाद मिटला, तेव्हा सरोजाने दोन पुड्या बांधून त्यांच्या हातात ठेवल्या.

हरिणीने देवीपुढची एक पुडी पटकन उचलली, तिला ती खाऊची वाटली. पुजाऱ्याने उघडली. लाल. चंद्रमतीबाईंनी हात जोडले आणि पदर डोळ्यांना लावला. रावांना ते लाल फूल बघवेना. असं का झालं, हे त्यांना त्या क्षणी कळलं नाही. कुणीतरी निर्णय दिला, आपण सुटलो, असं वाटायला हवं होतं.

चंद्रमतीबाई हरिणीला घेऊन पुढे निघाल्या. दुसरी पुडी कडुनिंबाखाली ठेवायचं काम रावांकडे आलं. राव पारावर टेकले. पुडी हातात होती. आजवर किती लोकांनी ही दुसरी पुडी अशी ठेवून दिली असेल, आणि एकालाही आत बघावंसं वाटलं नसेल? आत पांढरं असणार, हे ठाऊकच होतं. पण ठाऊक असलेली गोष्ट बघण्यात पाप काय? त्यांनी गाठ ओढली.

आत लाल कण्हेर होती.

रावांनी पान मिटून घेतलं. मग उठून सरोजाच्या टोपलीसमोर जाऊन उभे राहिले आणि पान उघडून धरलं. सरोजाने एकदा पानाकडे बघितलं, एकदा रावांकडे. मग ती बोलली, आणि ती चक्क मराठीत बोलली. मोडकं, तमिळ हेल असलेलं, पण रावांच्याच घरातलं मराठी.

"रागावू नका, रावजी."

रावांना पुडीपेक्षा याचाच धक्का मोठा बसला. "तुला मराठी येते?"

"पंचवीस वर्षं तुमच्या गल्लीत बसते. अम्मा माझ्या मोगऱ्याला शिळा म्हणतात तेही कळतं."

राव ओशाळले. मग नेहमीच्या सवयीने त्यांनी विचारलं, "दोन्ही लाल का बांधल्यास? तिने जावं असं का वाटतं तुला?"

पुढचं ती तमिळमध्ये बोलली. वाणीला जिथे नोकरी मिळाली होती, आखातातल्या त्याच शहरात तिचा मुलगा सतीशकुमार एसी दुरुस्तीचं काम करत होता. रोज फोनवर म्हणे, अम्मा, इथे काही नाही, सगळं ठीक आहे. "ते खरं की खोटं, मला कसं कळणार? टीव्हीवर आग दिसते. मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं. शंभर जणांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. तुम्ही पोरीला पाठवलीत, म्हणजे तिथे खरंच ठीक असणार. मग मला झोप लागली असती."

"आणि वाणीला काही झालं असतं तर?"

सरोजाने फुलांवर पाणी शिंपडलं. "तेवढं मनात आलंच नाही. हात आधी गेला."

राव घरी आले ते वाट लांबवून. रागवायला हवं होतं, पण राग येत नव्हता. चहावाल्याचं मत समोरच्या दुकानातून आलं होतं, शेतकऱ्याचं युरियातून, सरोजाचं न लागणाऱ्या झोपेतून. देवीच्या नावानेही शेवटी एक माणूसच बोललं होतं. आणि आपल्याला ते लाल फूल बघवलं नाही, ते कुठून आलं?

संध्याकाळी वाणी इस्पितळातून आली. रावांनी तिला सगळं सांगितलं, दुसऱ्या पुडीसकट. चंद्रमतीबाई उसळल्या. "देवीच्या दारात फसवणूक! त्या बाईकडून आता एक कळीसुद्धा घेणार नाही मी. आणि मराठी येते म्हणे! काय काय ऐकलं असेल तिने!"

वाणी हसत सुटली. हसू ओसरल्यावर म्हणाली, "अप्पा, स्टँड झालं, देवी झाली. आता तुम्हीच उरलात."

राव खुर्चीत नीट बसले. "माझं मत असं, की तू जाऊ नये."

लग्नाला इतकी वर्षं होऊन चंद्रमतीबाईंनी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं होतं.

"बरं," वाणी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज सरळ होता. "शब्द दिलाय. उद्या नाही म्हणून कळवते."

"थांब. पुरतं ऐक. मला भीती वाटते, म्हणून जाऊ नये. दुसरं कारण माझ्यापाशी नाही. तिथलं मला काहीच ठाऊक नाही. माझं मत तू मागितलंस, ते दिलं. तो हुकूम नव्हे. तुझा शब्द मी तुला परत देतो."

"असा शब्द परत देता येतो होय?" चंद्रमतीबाई म्हणाल्या.

"माझ्या भीतीपायी ती थांबली, तर मी आणि सरोजा यांत फरक काय?" राव म्हणाले. "आणि अजून एक. महिनाभर मी सगळ्यांना विचारलं. पण तिथे जो राहतो, त्या एकालाही विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी राव आणि वाणी सरोजाच्या टोपलीपाशी गेले. मागून चंद्रमतीबाईही आल्या, पण चार पावलं लांब, देवळाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सरोजाने मुलाला फोन लावून वाणीच्या हातात दिला. पडद्यावर निळ्या गणवेशातला सतीशकुमार डबा खात होता.

"अक्का, अम्मा जवळ आहे का?"

"आहे."

"मग सगळं ठीक आहे."

वाणी फोन घेऊन पाराकडे सरकली. मग तो मोकळा झाला. दोन दिवस खिडक्या हादरल्या होत्या. आवाज कसला ते बघायला तो गच्चीवर गेला होता, हे अम्माला सांगायचं नाही. एक दिवस सुट्टी मिळाली, तिसऱ्या दिवशी साहेब नेहमीसारखा ओरडायला लागला, तेव्हा त्याला जिवात जीव आल्यासारखं वाटलं.

"मी यावं की नाही?" वाणीने विचारलं.

"ते मी कसं सांगू, अक्का? मला परत यावंसं वाटतं, पण ते जेवणामुळे. इथे सांबारात साखर घालतात. फक्त एक ध्यानात ठेवा. आम्हाला सुट्टी मिळाली, इस्पितळाला मिळणार नाही. त्या दिवसांत तिथे गर्दी होती. जिन्यावरून धावताना पडलेले, पाय मोडलेले. माझा खोलीतला सोबती अजून काठी घेऊन चालतो."

"त्याचा व्यायाम कोण घेतं?"

"कुणी नाही."

वाणीने त्याला विचारलं, गुडघा किती वाकतो, सूज कुठवर आहे, जिना चढताना कुठला पाय आधी टाकतो. राव बाजूला उभे राहून ऐकत होते. मुलगी असे प्रश्न विचारते, हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

फोन ठेवून ती म्हणाली, "अप्पा, मी जाते."

"माझं मत तेच आहे," राव म्हणाले.

"माहीत आहे मला."

टोपलीपाशी सरोजा मान वर करून बघत होती, विचारायचं धाडस होत नव्हतं. चंद्रमतीबाईंनीच तोंड तिच्याकडे वळवलं. "जातेय ती," त्या मराठीतच म्हणाल्या, आवाज जराही न उतरवता. "तुझ्या पोराला सांग, विमानतळावर आणायला ये म्हणावं. आणि त्याने नीट जेवायला हवं, वाळलाय."

सरोजाने डोळे पुसले आणि मान हलवली.

वाणी तिथेच पारावर बसून इस्पितळाला उत्तर लिहू लागली. उन्हात फोनचा पडदा दिसेना. तिने तो उलटसुलट फिरवून पाहिला. राव जवळ सरकले आणि त्यांनी छत्री उघडून तिच्या हातांवर धरली.