कानडवाडीला फुकट मिळालेला ऋषी

आमच्या घरात पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी तो कशाला आला असेल याचा विचार व्हायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, फुकट मिळालेली वस्तू उलटीपालटी करून बघायचे, आणि ती खोड माझ्यात पुरेपूर उतरली आहे. त्यामुळे नव्वदच्या दशकात शाळेतल्या गुरुजींनी आमच्या वाडीला एक अख्खा ऋषी फुकट देऊ केला, तेव्हा आम्हा दोघांच्याही मनात पाल चुकचुकली.

वाडीचं नाव कानडवाडी. येडगाव धरणाच्या पाण्याच्या कडेला आमची धनगरांची थोडीशी घरं. मेंढरं बऱ्याच जणांनी विकून टाकली होती, उरलेले शेती सांभाळून दोन-चार राखून होते. नाव कशावरून पडलं ते वाडीत कुणी सांगत नसे, पण आजूबाजूची गावं न विचारता सांगायची, "ते व्हय, कानडी हायेत. कुठनं आले कुणाला ठावं." तिकडे कानडी या शब्दाचा अर्थ एवढाच, की ज्याचं बोलणं कळत नाही आणि ज्याच्या मुळाचा पत्ता नाही. जुन्नरच्या एसटीतला एक कंडक्टर आमच्या थांब्याला "चला, कॅनडावाले उतरा" म्हणायचा आणि सगळी गाडी हसायची. आप्पांना कुणी तोंडावर कानडी म्हटलं तर ते हातातलं काम टाकून भांडायचे. एकदा भर बाजारात त्यांनी यावरून एकाची गचांडी धरली होती.

मलाही राग यायचा, पण खरी झळ आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, लागत होती. तिला बघायला येणारी माणसं पोहे खाऊन, चहा पिऊन, लेण्याद्रीच्या गणपतीला जायचं आहे म्हणून उठायची. नंतर निरोप यायचा, मुलगी चांगली हाय, पर मूळ समजत न्हाई.  आक्का मग पोह्यांच्या बशा अशा घासायची की आई म्हणायची, "अगं, नक्षी जाईल."

अशात गुरुजी बदलून आले. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, बोलणं पुस्तकी. एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून ते म्हणाले, "तुमच्या वाडीचं नाव कानडवाडी नाहीच मुळी. कणादवाडी आहे. कणाद हे फार प्राचीन ऋषी. परमाणूचा विचार त्यांनी केला. शेतात सांडलेले कण वेचून खात, म्हणून कणाद."

"म्हंजी सरवा येचायचे," आई आतून म्हणाली. पीक काढून झाल्यावर रानात पडलेली कणसं वेचतात, तो सरवा. आमच्या बायका दर वर्षी वेचायच्या. "मंग त्यो आपलाच की."

आप्पा हसले नाहीत. गुरुजी गेल्यावर म्हणाले, "ह्या मास्तरला काय पायजे आसंल?" मला वाटलं, आश्रमासाठी जागा मागेल. आप्पांना वाटलं, वर्गणी काढेल. आम्ही दोघांनी त्यांच्यावर बराच काळ नजर ठेवली. त्यांनी काहीच मागितलं नाही, त्यामुळे आमचा संशय जास्तच वाढला. वाडीतल्या बाकीच्यांनी मात्र ऋषी कधीच घरात घेतला होता. पोरं शाळेच्या भिंतीवर खडूने कणादवाडी लिहायला लागली.

मग डिंभ्याकडचं स्थळ आलं. त्यांच्या वस्तीचं नाव कानडदरा. मध्यस्थाचं म्हणणं बिनतोड होतं, "आप्पा, नावावरनं ते तुमाला काय म्हणनार? त्येंचंबी तेच दुखनं हाय." आडनावं वेगळी, देवकं वेगळी, सोयरिकीला अडचण नव्हती. मुलगा शेती करून धरणात मासेमारी करायचा. आक्काने त्याला आधी एका लग्नात बघितलं होतं. तिने आयुष्यात पहिल्यांदा आईला स्पष्ट सांगितलं, "हे मोडू देऊ नका." ते ऐकून आप्पा रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी उठून त्यांनी ठरवलं, या वेळी मूळ विचारायची संधीच द्यायची नाही.

बैठकीत मुलाचा चुलता बोलणारा होता. जाड मिशा, बारीक डोळे, आणि आमच्या घराला शोभेल इतका संशयी. बशीतला पोहासुद्धा बघून खात होता. त्याने तोंड उघडायच्या आत आप्पा छाती काढून म्हणाले, "पावणं, आमचं मूळ इचाराल तर आमी कणाद ऋषींचं वंशज."

चुलत्याचा हात बशीतच थांबला. "कोन ऋषी?"

"कणाद. सरवा येचून खायचे ते."

"आवं, ते तर आमचं ऋषी. आमी त्येंचं वंशज."

मग त्याने जरा पुढे सरकून विचारलं, "तुमाला कुनी सांगितलं? चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधल्याला मास्तर काय?"

गुरुजी आमच्याकडे बदलून आले ते कानडदऱ्याच्या शाळेतूनच. एकच ऋषी त्यांनी दोन्हीकडे वाटला होता.

मला हसू फुटणार होतं, पण दाराआड उभ्या आक्काचा चेहरा बघितला आणि ते जिरलं. एका ऋषीचे वंशज म्हणजे भाऊबंद, आणि भाऊबंदांत लग्न होत नाही. मध्यस्थ म्हणाला, "देवक वेगळं हाय की, राव." चुलता म्हणाला, "ऋषी एक म्हंजी मूळ एक. पोराला बायकू म्हणून भन कशी करून देऊ?"

"मास्तरची थाप आसंल ती," आप्पा घाईने म्हणाले.

चुलत्याने डोळे आणखी बारीक केले. "आत्ता छातीवर हात मारून सांगितलं, आता थाप म्हणताय. ह्यातलं खरं कोंचं धरायचं? तुमी ऋषींचे न्हाई, तर हाय कोन?"

आप्पांनी एकदा दाराकडे बघितलं. मग खाली बघत म्हणाले, "आमी कानडी."

 त्या शब्दावरून गचांडी धरणारा माणूस तो शब्द स्वतः बोलला होता, आणि मला त्या क्षणी चुलत्याचा, गुरुजींचा आणि त्या ऋषीचाही संताप आला.

चुलत्याला तेही पटेना. "बोलून दावा की मंग कानडी."

आप्पा उठले आणि ओट्यावर गेले. समोरच्या बांधावर आमची उरलेली मेंढरं चरत होती. त्यांनी हाक दिली, "कुरी बा, कुरी बा." मेंढरं माना वर करून चालत आली. लहानपणापासून मी ही हाक ऐकत होते आणि ती मेंढरांचीच भाषा समजत होते. आप्पा आत येऊन म्हणाले, "कुरी म्हंजी मेंढरू. बा म्हंजी ये. माज्या आज्याचा आजा तिकडून हेच बोलत आला. एवढंच ऱ्हायलंय आमच्याजवळ." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, कायमच.

चुलता बैल आणायला विजापूरकडे जायचा, त्याला 'बा' कळला. तो म्हणाला, "बराबर हाय. मूळ येगळं, मंग सोयरीक व्हईल." आणि उठता उठता म्हणाला, "पर पावणं, ऋषी आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

आप्पांनी मान हलवली. लग्न झालं. कानडदरा कणाददरा झाला, आम्ही होतो तिथेच राहिलो. गुरुजींची पुन्हा बदली झाली. त्यांना काय हवं होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढे काही वर्षांनी, तोवर दोन हजार साल उलटून गेलं होतं, आप्पा आणि मी आक्काकडे गेलो. एसटी वेळेवर नव्हतीच, पोचायला दुपार झाली. चहा पीत होतो तेवढ्यात मागच्या दारातून तिच्या सासूने हाक मारली, "ए कानडीण, पानी तापलं का बग." आक्का "आले" म्हणून उठली, सवयीने, आमच्याकडे न बघता. आप्पांनी कप खाली ठेवला.

निघताना ती थांब्यापर्यंत आली. आप्पांनी विचारलं, "राग येतो का गं?"

"येतो," आक्का म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "पर लगीन मोडलं आसतं तर ह्याच्यापेक्षा जास्त आला आसता."

"मंग बरं झालं," आप्पा म्हणाले, आणि आलेल्या एसटीत चढले. ती ते खरं बोलली की आप्पांसाठी बोलली, याचा मला अजून संशय आहे. मी तिला कधी विचारलं नाही.