टेंभुर्णीच्या शिवारात आमची बॅटरी कुणी नेली?

डॉक्टरांनी अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, झोपताना मास्कचं यंत्र लावायला सांगितलं, तेव्हा आमची व्हॅनमधली भटकंती संपली असं सगळ्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं. झोपेत याचा श्वास मधेच थांबतो, यंत्राशिवाय झोपणं धोक्याचं. मी म्हटलं, संपते कशाला? बॅटरी घेऊ! मग उचलून नेता येईल अशी बॅटरीची पेटी आणि घडीचं सोलर पॅनल घेऊन आम्ही नाशिकहून निघालो.

समृद्धी महामार्गावर टोल जरा बोचतो, पण गाडी अशी पळते की कपातला चहा हलत नाही. जालन्याला उतरून राजूरच्या गणपतीकडे वळलो. दर्शन झालं, देवळाबाहेर गरम भजी झाली आणि दुपारी टेंभुर्णीजवळ सुमनताईंच्या शेतात पोचलो. ओळखीतून जागा मिळालेली. पाणी, सावली, स्वच्छ संडास, आणि पैशाचं नाव काढलं की सुमनताई डोळे वटारणार. अजून काय हवं?

अविनाशने पॅनल उन्हात मांडलं, पेटी व्हॅनच्या सावलीत ठेवली. मी म्हटलं, "साखळी लाव."

"अगं, इथं शेतात कोण येतंय!"

साखळी, कुलूप व्हॅनच्या खणातच राहिलं. सुमनताई बाजाराला गेल्या, आम्ही बांधाबांधाने मोसंबीच्या बागा बघत फिरलो. दिवस मावळायला परत येतो तर पॅनल नाही, वायर नाही, पेटीही नाही. नुसतं दबलेलं गवत.

मी अविनाशला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो बिचारा खाली बसून म्हणाला, "शेतात रात्री लाईटही नसते. आज बसूनच काढतो रात्र." म्हणजे हा बसल्याबसल्या डुलकी घेणार आणि मी त्याचा श्वास मोजत बसणार.

तेवढ्यात सुमनताई पिशव्या घेऊन आल्या. मी रडकुंडीला येऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "आज पाळी कोनाची? सलीमभाईची. चला मंग."

कसली पाळी, ते चालता चालता कळलं. विहिरींवरच्या मोटारींच्या केबली आणि स्टार्टर चोरीला जायला लागले, तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांनी ठरवलं की रोज एका घराने दिवस मावळताना सगळ्यांच्या विहिरींवर फिरायचं, सामान सोडवायचं आणि आपल्या घरात ठेवायचं. सकाळी ज्याचं त्याने न्यायचं. सामान ओळखू यावं म्हणून प्रत्येकाची वेगळ्या रंगाची चिंधी.

सलीमभाईंच्या ओसरीवर केबलींची वेटोळी रचलेली होती. लाल चिंधी, पिवळी चिंधी. आणि भिंतीला टेकून आमची पेटी, पॅनल नीट घडी घालून! पेटीला हिरवी चिंधी बांधलेली.

"न सांगता आणलंत हो!" मी जवळजवळ ओरडलेच.

सलीमभाई गोंधळले. "सांगायचं काय त्यात? अंधार पडून राह्यलाय, सामान उघड्यावर. तुम्ही तर दिसलात न्हाई. चिंधी बी नव्हती, मंग आमच्या घरची बांधली. काही चुकलं का?"

मी हसायला लागले आणि डोळ्यांत पाणीच आलं. अनोळखी माणसाच्या सामानाला हे लोक आपल्या घरचा रंग बांधतात! अविनाशने कशासाठी बॅटरी लागते ते सांगितल्यावर सलीमभाईंनी स्वतः पेटी उचलून व्हॅनपर्यंत आणली, दाराच्या आत ठेवली. सुमनताईंनी भाकरी, ठेचा आणि भाजल्या धान्य-मसाल्यांच्या येसराची आमटी वाढली. त्या रात्री अविनाश असा झोपला की सकाळी हलवून उठवावं लागलं.

व्हॅन घेऊन निघणाऱ्यांनो, साखळी, कुलूप घ्याच, आणि ते खणात ठेवू नका. पण जिथे मुक्काम कराल तिथल्या माणसांना आधी भेटा. इथे माणसंच जास्त उपयोगी पडली.

घरी आल्यावर सुमनताईंचा फोन आला. "भाऊंना झोप लागती ना? ब्याटरी कुठंय?"

"खाली, पार्किंगमध्ये. व्हॅनमध्येच आहे. घरात लाईट आहे ना, यंत्र भिंतीला लावतो."

"खाली? आन् तुमच्या बिल्डिंगीत आज पाळी कोनाची?"

आमच्या बिल्डिंगमध्ये अठ्ठावीस घरं आहेत. पाळी एकाचीही नाही. फोन ठेवला आणि पेटी आणायला खाली गेले.