पिकू घातलेलं घर

कापसाच्या सिझनात आमच्या घरी वाती विकत आणाव्या लागत नाहीत. वाशीमला आमच्या मागच्या भिंतीला लागून कापसातली सरकी काढायचं जिन आहे. तिथून दिवसभर रुईचं तूस उडतं, आणि संध्याकाळी कोपरे झाडले की देवाच्या वातींची सोय होते. दुपारी शेजारच्या गंगूबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघीतिघी आमच्या ओट्यावर त्या वाती वळायला बसतात. तूस संपतं, वाती संपतात, पण आमच्या घराच्या विक्रीची गोष्ट काही संपत नाही. एक सांगितली की दुसरी आठवते.

घर विकायचं ठरलं ते माझ्या छबीसाठी. चार वर्षांची पोर. जिन सुरू झालं की तिचा खोकला सुरू, जिन बंद झालं की खोकला बंद. वैद्यबुवा म्हणाले, "औषध देतो बाई, पन लेकराले रुईपासून दूर ने. छाती अशीच भरत राह्यली तर मंग मी काही करू शकनार नाई." तेव्हापासून ती खोकली की माझा हातातला घास हातातच राहतो.

अनसिंगला आमचं वावर आहे. वावराजवळ दोन खोल्यांच्या भिंती उभ्या आहेत. इथलं घर विकायचं, तिथं वर टिनाचं छप्पर टाकायचं आणि जायचं. एवढंच काम.

पण ज्या जिनापायी छबी खोकते, त्याच जिनापायी आमच्या गल्लीचा भाव चढतो. लढाई सुरू झाल्यापासून तर व्यापारी गोडाऊनला जागा शोधत दारोदार फिरतात. आणि घर विकणार कोण? आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे. जन्मभर बैलबाजारात दलाली केलेला माणूस.

* * *

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक किराणा दुकानदार. भाव असा बोलला की आमच्या ह्यांनी लगेच माझ्याकडं पाहिलं. मी आत जाऊन भांडी पोत्यात भरायला लागले.

मामाजी उठले, भिंतीवर बोटांनी दोनदा टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "घर अजून पिकलं नाई."

पुढच्याच पंधरवड्यात समोरच्या तांबटाचं घर त्याहून चढ्या भावानं गेलं. मामाजी पान खाऊन गल्लीभर फिरले. जो भेटेल त्याला, "पाह्यलं? मी तवा इकलं असतं तं फसलो असतो का नाई?"

घरी आले तर आत्याबाई, माझ्या सासूबाई, तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तांबटानं घर इकलं. तुमी पान खाल्लं."

* * *

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातावर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली तो भाव. तोंडानं कोणी काही म्हणत नाही, आणि रुमालाखाली एकदा "मंजूर" झालं की ते बापालाही फिरवता येत नाही. आत्याबाईंनी लग्न झाल्यापासून कितीदा तरी विचारलं असेल, की आज जोडी कितीला गेली? मामाजींचं उत्तर ठरलेलं. "रुमालाखालचं रुमालाखालीच राह्यते."

आता बैलाचा नियम घराला कशाला? पण मामाजींना दुसरा येत नाही.

स्टेशनातले तारमास्तर घर बघायला आले. पुण्याकडचे, सभ्य माणूस. मामाजींनी त्यांना जवळ बसवलं, हातावर रुमाल टाकला आणि बोटं दाबायला लागले. तारमास्तर गडबडले. मग त्यांनीही दुसऱ्या हातानं मामाजींचा हात थोपटला.

मामाजींनी आणखी एक बोट दाबलं. तारमास्तरांनी पुन्हा थोपटलं.

बाहेर पडताना तारमास्तर आमच्या ह्यांना हळूच म्हणाले, "वडील फार प्रेमळ आहेत हो. पण त्यांना बरं नाही का? किंमत विचारली की नुसता हात धरून बसतात."

आणि आत मामाजी आत्याबाईंना सांगत होते, "लय पक्का गडी हाय. एक बोट बी पुढं सरकला नाई."

* * *

मामाजींचा छबीवर जीव नाही असं कोणी म्हणू नये. सिझनात तूस अडावं म्हणून तिच्या खाटेभोवती ओली लुगडी तेच बांधतात. पण गिऱ्हाईक आलं की ते दलाल होतात.

एक सराफ घर पाहत होते आणि आत छबीला उबळ आली. सराफ म्हणाले, "पोरीले खोकला काहून हाय? जिनाचा तरास होते का?"

"छे. बोरं खाल्ले तिनं लय," मामाजी म्हणाले.

छबी दारात येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी, नाकात तूस. "मी कुठी खाल्ले आबा? तुमी आनलेच नाई."

सराफ गेले ते गेलेच. संध्याकाळी मामाजी बाजारातून ओंजळभर बोरं घेऊन आले. म्हणे, पोरीपुढं खोटं पडायला नको. मी ती बोरं तिच्या हातातून काढून घेतली आणि रागारागानं एकटीनं खाल्ली. दुसऱ्या दिवशी घसा माझा बसला.

* * *

मध्येच एकदा बोंब उठली की जिन बंद पडणार. मालकांचं आपसात बिनसलं म्हणे. गल्लीचा भाव एकदम खाली आला. मी देवापुढं दिवा लावला. जिन बंद पडलं तर प्रश्नच मिटला. आणि नाहीच पडलं, तर आता तरी मामाजी घाबरतील आणि विकून टाकतील.

मामाजी म्हणाले, "पडत्या भावात कोन इकते?"

मालकांची दिलजमाई झाली, भाव पुन्हा चढला. मामाजी म्हणाले, "चढत्या भावात कोन इकते?"

* * *

मी मामाजींशी समोर बोलत नाही. आमच्याकडं सुना बोलत नाहीत. जे सांगायचं ते मी छबीला सांगते, मामाजी ओट्यावर असताना, जरा मोठ्यानं.

लढाईपायी टीन मिळेनासं झालं होतं. मिळालं तरी भाव विचारू नका. मी छबीची वेणी घालता घालता म्हटलं, "छबे, सांग तुह्या आबाले. घराचा भाव चढते बैलगाडीनं अन् टिनाचा चढते आगगाडीनं. आपुन भिंतीवर काय आभाळ टाकाचं का?"

ओट्यावरून आवाज आला, "छबे, सांग तुह्या मायले. बैलगाडीत बसून मी जन्म काढला. कुठी उतराचं ते मले समजते."

छबीनं दोघांकडं पाहिलं. म्हणाली, "आई, मी बाहेर खेळाले जाऊ?"

आमचे हे तिथंच बसले होते. रात्री म्हटलं, "तुमी काहून नाई बोलत?" तर म्हणाले, "मी बोललो असतो, पन तुमचं चालू होतं."

* * *

भांडी पोत्यात आणि पोतं खाटेखाली, असे आम्ही किती महिने काढले ते माझं मला माहीत. एका पातेल्यात वरण, त्याच पातेल्यात मग भात. विक्री ठरणार अशी बातमी लागली की गल्लीतल्या बाया माझी ओटी भरायच्या. तांदूळ, खारीक, खण. गळ्यात पडून रडायच्या. रात्रीत मामाजींचं घर पुन्हा कच्चं व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याच रांगेत विहिरीवर उभी.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा बातमी लागली तेव्हा गंगूबाई भिंतीपलीकडूनच म्हणाल्या, "आता तू बंडीत बैस, बैल चालू लागू दे. मंग मी पळत पळत येतो अन् ओटी भरतो."

* * *

यंदा जिन लवकर सुरू झालं. छबीला रात्री बसवून धरावं लागे, आडवी केली की श्वास लागे. आत्याबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायच्या.

अशात रामधन शेठ आले. कापसाचे व्यापारी, पण बैलबाजारातले जुने. बोटांची भाषा मामाजींइतकीच पक्की. मामाजींना कोण आनंद झाला! ओट्यावर सतरंजी टाकली, हातावर रुमाल टाकला. गंगूबाईंचे यजमान साक्षीला बसले.

पुष्कळ वेळ रुमाल हलत राहिला. शेठ मान हलवायचे, मामाजी मान हलवायचे. आत छबी खोकत होती. मी दाराआड उभी होते, आणि या वेळी भांडी बांधायची नाहीत असं ठरवून होते.

आत्याबाई सुपारीचं ताट घेऊन बाहेर गेल्या आणि तिथंच बसल्या. तेवढ्यात जिनाकडून वारा आला आणि तुसाचा लोट ओट्यावर. मामाजींना शिंका सुटल्या. एक, दुसरी, तिसरी, थांबेनात. त्यांनी रुमालातून हात काढून नाक धरलं.

आत्याबाईंनी पदर सावरला आणि रुमालाखाली हात घातला.

शेठच्या भुवया वर गेल्या. बांगड्या वाजल्या असतील. त्यांनी रुमालाकडं पाहिलं, मग आत्याबाईंकडं. आत्याबाई त्यांच्याकडं बघत नव्हत्या, आतल्या खोकल्याकडं कान देऊन बसल्या होत्या.

शेठ म्हणाले, "मंजूर, वैनी." आणि खिशातून इसाराचा रुपया काढून ताटात ठेवला.

मामाजींची शिंक अर्ध्यात राहिली. "मंजूर? काय मंजूर?" ते साक्षीदाराकडं वळले. साक्षीदारानं हात वर केले. शेठकडं वळले. शेठ म्हणाले, "दादा, बाजाराचा नेम तुमीच मले शिकवला. मी कसा सांगू?"

मग मामाजी आत्याबाईंकडं वळले. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी ऐकला नव्हता.

"किती बोटं धरले तुनं?"

आत्याबाईंनी रुमाल उचलला, तूस झटकलं, चार घड्या घातल्या आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"रुमालाखालचं रुमालाखालीच राह्यते," त्या म्हणाल्या. "सूनबाई, भांडे बांध."