चिंध्या बांधलेली मिरची

१९५७ साली दसऱ्यानंतरच्या पहिल्या बाजारी जिंतूरला आश्रुबाच्या हॉटेलात ठेचा खाऊन कोणाला ठसका लागला नाही. मी तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो आणि दर बाजारी तिथं जेवत असे. बाकडी तीन, भाकरी ज्वारीची, ठेचा करडईच्या तेलात परतलेल्या हिरव्या मिरचीचा. लोक लांबून येत ते त्या ठेच्यासाठी, आणि त्याची मिरची येई भिवराबाईकडून.

भिवराबाई चारठाण्याच्या शिवारातली धनगरीण, पन्नाशीची. नवरा सटवाजी मेंढरांमागं असे. विहिरीजवळचा मिरचीचा तुकडा ती एकटी बघे. पावसाळ्याआधी तिथं मेंढरं बसवायची आणि त्या खतावर रोप लावायचं, अशी तिची रीत. बी तिच्या आईकडून आलेलं. दरसाल पिकल्या मिरच्यांतून काढून, राखेत घोळून ठेवलेलं.

“भिवराक्का, औंदा मिरचीला झोप लागली का?” त्या दिवशी ती टोपली घेऊन आली तेव्हा आश्रुबानं विचारलं.

“मिरची तीच हाय. तुमची जीभ म्हातारी झाली असंल.”

त्यानं ठेचा लावलेला भाकरीचा तुकडा पुढं केला. ती बराच वेळ चावत राहिली.

“रान तेच, बी तेच,” ती शेवटी म्हणाली.

“मंग मेंढरं बदलली असतील,” बाकड्यावरचा एक जण म्हणाला. लोक हसले.

“अक्का, माझ्याकडं लोक जाळ खायला येत्यात,” आश्रुबा म्हणाला. “जाळ न्हाई तर मला दुसरीकडं बघावं लागंल.”

तिची सगळी मिरची घेणारा तो एकटाच होता.

कारण सटवाजीच्या ध्यानात आलं. आदल्या वर्षी येलदरीच्या धरणाच्या पाहणीवरचे साहेब जिंतूरला येऊ लागले. त्यांना भजी हवी, पण तिखट नको. आश्रुबानंच तिला जाड, फिकी मिरची लावायला सांगितली होती. पाटाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून तिनं ती आपल्या मिरचीला लागूनच दोन ओळी लावली. बी मात्र आपल्याच झाडांचं धरलं, म्हणून निर्धास्त राहिली.

“दुसऱ्याचा मेंढा कळपात शिरला की काय होतंय?” सटवाजी म्हणाला. “कोकरं आपल्याच मेंढीची, पर लोकर निराळी. मेंढरात तू असं होऊ दिलं असतंस का?”

“मेंढ्याला पाय असत्यात. मिरची हिंडती हे मला काय ठावं?”

“मिरची न्हाई हिंडत. माश्या हिंडत्यात.”

सगळीच झाडं बिघडली नव्हती, पण कोणती चांगली ते बघून कळत नव्हतं. चावूनच कळणार होतं. झाडं तीनशे बारा. पाच-सहा मिरच्या झाल्या की जीभ बधिर होई. म्हणून सकाळी पाच, संध्याकाळी पाच, मध्ये ताक आणि गूळ. जहाल लागलं त्या झाडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. ओठ सुजले, भाकरी मातीसारखी लागू लागली. सटवाजी दोन दिवस सोबत बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं काठी उचलली.

“मी मेंढरांकडं जायलोय. ती चावत न्हाईत.”

महिन्याअखेर चिंध्या एकेचाळीस झाल्या. उरलेली झाडं तिनं मिरच्यांसकट उपटली आणि बाजारी रिकाम्या हातानं आली.

“औंदा मिरची न्हाई, दादा. आता राहिली ती बियाला.”

“वर्षभरात गिऱ्हाइकं ठेचा इसरतील.”

“तवर सायबाची भजी तळा.”

आश्रुबानं तिच्यापुढं ताटली ठेवली. ठेचा दुसऱ्याच्या मिरचीचा होता.

“कसा हाय?”

“काय म्हाईत. कशाचीच चव कळंना झालीय.”

तिनं अर्धी भाकर खाल्ली आणि अर्धी पदरात बांधून घेतली.

पुढच्या साली ती बैलगाडीनं टोपली घेऊन आली, तेव्हा आम्ही तिघं-चौघं हॉटेलात होतो. आश्रुबानं एक मिरची उचलून चावली. भिवराबाई तोवर बाकड्यावर टेकली होती, आणि बसल्या बसल्या तिला डुलकी लागली होती. आश्रुबाचं कपाळ घामानं भरलं. त्यानं दुसरी चावली, मग तिसरी, टोपलीच्या अगदी तळातली.

“हाय का?” डोळे न उघडता तिनं विचारलं.

“हाय.”

“मंग टोपली रिकामी करा. गाडीवाला थांबायचा न्हाई.”